एक झाकण जास्त

आमच्या केनवडात सिमेंटची दुकानं चार, त्यातलं एक माझं. सिमेंट विकतो म्हणून लोकांना वाटतं, तौसीफभाईला सिमेंट कळतं. हा गैरसमज मी कधी दूर केला नाही, धंद्याला बरा पडतो. पण खरं सांगायचं तर या भागात सिमेंट कळणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि तिला पोत्यावरचं अक्षरही वाचता येत नाही. गोमतीबाई तिचं नाव. केनवडपासून दोन कोसांवर तांडा आहे, तिथली.

फय्याज मिस्त्रीच्या स्लॅबच्या टोळीत गोमतीबाई पाण्यावर असते. म्हणजे मिक्सरमध्ये गिट्टी, रेती, सिमेंट पडलं की त्यात पाणी किती घालायचं ते ती ठरवते. तिच्या बादलीला ना खूण ना माप. मिक्सर फिरायला लागला की ती मान जराशी तिरपी करून ऐकते. कोरडा माल खडखडतो. पाणी बेताचं झालं की खडखड दबते आणि आतून चपचप येते, परातीत पीठ मळल्यासारखी. ती चपचप आली की बादली खाली. मग मालक ओरडो की इंजिनियर ओरडो, तिच्या हातून थेंब पडायचा नाही.

ओरडायचे सगळेच. माल पातळ असला की घमेल्यातून सरसर ओतता येतो, गजांच्या जाळीत आपोआप शिरतो, पसरवणाऱ्याचे दंड भरून येत नाहीत. म्हणून टोळीतल्या प्रत्येकाला पाणी जास्त हवं असतं. तोटा नंतर दिसतो. ते जादा पाणी उडून गेलं की त्याच्या जागा आत पोकळ राहतात आणि पाच वर्षांनी छतातून ओल उतरते. तेव्हा टोळी दुसऱ्या गावी स्लॅब टाकत असते. घमेलं वाहणारी सोजरबाई तर मिक्सरच्या दर घाण्याला तिच्या नावानं बोटं मोडायची.

"गोमते, हे पानी का तुह्या बापाच्या हिरीतलं हाय? टाक नं वाईच!"

"तुह्या घराचा स्लॅब असन तवा टाकजो बादलीभर," गोमतीबाई म्हणायची. दोघी एकाच तांड्यातल्या, एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. दुपारी एकाच फडक्यातली भाकरी खायच्या.

शाळेच्या इमारतीचं काम चालू होतं तेव्हा वाशीमहून अफ्रीन मॅडम नावाची एक तरुण इंजिनियर यायची. तिच्याकडे पत्र्याचं निमुळतं भांडं होतं. त्यात माल ठासून भरायचा, भांडं उचलायचं आणि माल किती खाली बसतो ते पट्टीनं मोजायचं. तिनं दिवसभरात सहा वेळा मोजलं. सहाही वेळा बोटाच्या पेराएवढाही फरक नाही. तिनं फय्याजला विचारलं, पाण्याचं माप कोणतं वापरता? फय्याजनं गोमतीबाईकडे बोट केलं. "हे माप हाय आमचं. याले कान हाय." मॅडम हसली, पण मग बराच वेळ तिच्या बाजूला उभी राहून तीही मिक्सर ऐकत होती.

तीच मॅडम आमच्याकडे दवाई घेऊन आली.

डब्यावर नाव लांबलचक होतं. टोळीनं पहिल्याच दिवशी त्याची दवाई करून टाकली. काळपट, काकवीसारखं पातळ औषध. सिमेंटच्या एका पोत्याला डब्याचं एक झाकण. सिमेंटच्या बारीक गुठळ्या ती फोडते, त्यामुळे पाणी कमी घातलं तरी माल खेळता राहतो. म्हणजे मजबुतीही हवी आणि दंडही दुखायला नकोत, हे दोन्ही एकदम. मला वाटलं, आता टोळीत दिवाळी होईल. गोमतीबाईनं मात्र तीन दिवस तोंड फिरवून घेतलं होतं, झाकण दुसरेच ओतायचे.

"तीस वर्सं मी पानी टाकलं. आता हे बाटली टाकन काय?"

चौथ्या दिवशी तिनं तोंड सरळ केलं, ते सोजरबाईमुळे. सोजरबाईचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला. संध्याकाळी तिला स्वतःची वेणी घालता यायची नाही, ती गोमतीबाई घालून द्यायची. खेळता माल ओतायला हलका, त्यामुळे तिसऱ्या संध्याकाळी सोजरबाई आपली आपण वेणी घालत बसलेली तिला दिसली. दुसऱ्या दिवशी मिक्सरपाशी येऊन गोमतीबाईनं झाकण स्वतःच्या हातानं उचललं आणि दवाई घातल्यावर पाणी किती कमी लागतं ते नव्यानं कानाला शिकवायला घेतलं. पन्नाशी उलटलेली बाई. माझा तर मोबाईल बदलला तरी मला महिनाभर ताप येतो.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कंपनीनं रिसोडला मिस्त्री आणि दुकानदारांचा मेळावा घेतला होता. टोपी, बनियन आणि जेवण. साहेबानं पडद्यावर चित्रं दाखवून दवाईचं सगळं समजावलं. कमी पाण्याची गोष्ट मी नीट ऐकली. नंतर तो 'जास्त झाली तर' असं काहीतरी सांगू लागला, तेव्हा मी जेवणाच्या रांगेत होतो. मग एक दिवस टोळीतला मिक्सर चालवणारा बादल माझ्या दुकानात डबा न्यायला आला. त्यानं विचारलं, "शेठ, झाकन जास्त पडलं तं काही होते काय?"

गिऱ्हाईक उभं होतं, मी घाईत होतो, आणि 'माहीत नाही' हे शब्द दुकानात उभं असताना माझ्या तोंडून निघत नाहीत. मी म्हणालो, "होईन काय? जास्त टाकशीन तं जास्त मजबूत होईन!"

बादल डबा घेऊन गेला. माझं वाक्यही घेऊन गेला.

मागच्या डिसेंबरात गोमतीबाईच्या स्वतःच्या घराचा स्लॅब ठरला. घरकुल मंजूर झालं होतं. एक खोली, स्वयंपाकाची जागा, पुढे हातभर ओटा. तिचा नवरा प्रेमसिंग गुडघ्यांनी बसलेला माणूस, काठीशिवाय उठत नाही. दोघांची अख्खी उमर टिनाखाली गेलेली. स्लॅब तिनं मोजले नाहीत, पण पाचशेच्या वर घरांवर तिचं पाणी पडलं असेल. त्यातल्या कितीतरी स्लॅबखाली, टेकूच्या बल्ल्या लागलेल्या असताना, काम लांबच्या गावी होतं म्हणून ती रात्रीची निजली आहे. आपल्या स्लॅबखाली एकदाही नाही. घरकुल जन्मात एकदाच मिळतं. तो स्लॅब बिघडला तर दुसरा नाही, हे तांड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

आमच्या टोळ्यांत एक रीत आहे. टोळीतल्या कोणाच्या घरचा स्लॅब असला की त्या दिवसाच्या मजुरीची हजेरी कोणी लावत नाही. आणि प्रत्येकानं एकेका घाण्याला हात लावायचा. म्हणजे एरवी घमेलं उचलणारी बाई असो की गजावर पाय देऊन माल पसरवणारा गडी, तो आपलं काम सोडून मिक्सरपाशी येतो आणि एका घाण्याचं सगळं, गिट्टीपासून दवाईच्या झाकणापर्यंत, स्वतःच्या हातानं घालतो. घरात आपला हात राहतो, असं म्हणतात. पाणी मात्र त्या दिवशीही गोमतीबाईचंच होतं. ते ती कोणाला देणार?

सकाळी मिक्सरपुढे नारळ फुटला, लापशीचा वास सुटला. मीही गेलो होतो. अठरा पोत्यांचा स्लॅब, दुपारी दोनपर्यंत आटोपला. एक गोष्ट मला तेव्हाच दिसली, पण मी तिचा अर्थ लावला नाही. गोमतीबाई दर घाण्याला बादली लवकर खाली ठेवत होती. मध्येच ती बादलला म्हणाली, "आज माल पानी मांगून नाही राह्यला. गिट्टी वली हाय काय रे?"

बादलनं मिक्सरकडे बघत मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमतीबाई स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी भरायला चढली. पहिलं पाऊल टाकलं आणि तिचा अंगठा आत गेला.

मला फोन आला तेव्हा मी शटर उघडत होतो. पोचलो तर अर्धा तांडा खाली उभा. फय्याज शिडीवर बसून स्लॅबला बोट लावून बघत होता. बोटाला माल चिकटून येत होता, जणू आत्ताच टाकलाय. अठरा तास झाले होते. एरवी एवढ्या वेळात त्यावर माणूस चालतो.

फय्याजनं मला पाहिलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तौसीफ, सिमेट कोनतं देल्लं रे तू? मुदत गेलेलं देल्लं का? या बाईच्या घराले देल्लं?"

सगळा तांडा माझ्याकडे वळला. मी शपथेवर सांगतो, सिमेंट आठ दिवसांपूर्वीचं होतं. पण एवढ्या नजरा लागल्या की माणूस आपला जीव आधी वाचवतो. मी कोपऱ्यात गेलो आणि दवाईचे डबे उचलून आणले. अठरा पोत्यांना पाच लिटरचा डबा निम्माच लागायला हवा होता. तो कोरडा होता. फय्याजकडे मागच्या कामाचा अर्धा डबा उरला होता, तोही कोरडा.

"सिमेट माह्यं चांगलं हाय," मी म्हणालो. "दवाई कोनं एवढी ओतली ते पाय."

फय्याजनं खाली उतरून डबे उलटे करून पाहिले. मग त्यानं जो आवाज काढला तो दोन कोसांवर केनवडात ऐकू गेला असेल. "कोनं टाकली? बोला! कोनं?"

सोजरबाई पदराचं टोक चावत होती. बादल मिक्सरचा नट विनाकारण आवळत होता. आणि मी, ज्यानं हे सगळं एका वाक्यात पेरलं होतं, तो डबे हातात धरून सज्जनासारखा उभा होतो. आज लिहितानाही मला त्या उभ्या राहण्याची लाज वाटते.

गोमतीबाई शिडीपासून बाजूला झाली. तिनं कोणालाच काही विचारलं नाही. ती प्रेमसिंगशेजारी मातीत बसली आणि अंगठ्याला लागलेला माल काडीनं काढत राहिली.

फय्याजनं अफ्रीन मॅडमला फोन लावून आवाज मोठा केला. मॅडमनं सगळं ऐकलं. दवाई जास्त झाली की सिमेंट झोपून जातं, त्यात थंडी, ती म्हणाली. दोन दिवस, तीन दिवस, कधी त्याहून जास्त. पण जागं होतं, मात्र एका अटीवर. "पाणी किती पडलं होतं? दवाई जास्त आणि पाणीही नेहमीचं, असं असेल तर गिट्टी खाली बसली असेल. मग तो स्लॅब तोडावा लागेल."

तोडावा लागेल, हे ऐकून कोणीतरी बाई हुंदका देऊन रडली.

गोमतीबाई उठली आणि फोनपाशी आली. "मॅडम, पानी कमी पडलं. एरवीपेक्षा घान्याले अर्धी बादली कमी. माल मांगतच नवता, मी देल्लं नाही."

"नक्की?"

"मले आयकू येते मॅडम."

मग मॅडम म्हणाली, "मग हात लावू नका. ओल्या बारदान्यानं अलगद झाका, सुकू देऊ नका, वर कोणी चढू नका. बल्ल्या महिनाभर काढायच्या नाहीत. आणि वाट बघा."

वाट बघणं हे काम कोणाला जमत नाही. मला तर मुळीच नाही. माझ्या दुकानातले सगळे रिकामे बारदाने मी त्याच दुपारी तांड्यावर पोचवले. बायकांनी ते शिडीवरूनच काठ्यांनी सारून पसरवले. प्रेमसिंग काठी घेऊन दारात बसला. बकरी, कोंबडी, पोट्टे, कोणालाही त्यानं शिडीला शिवू दिलं नाही. या माणसाला मी इतकी वर्षं नुसता बसलेला पाहिला होता. त्या तीन दिवसांत तो बसून जेवढं राबला तेवढं कोणी उभं राहून राबलं नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेलो. मनाशी पक्कं केलं होतं की आज सांगायचं. गोमतीबाईनं चहा ठेवला. स्लॅबची कड बोटानं दाबून पाहिली का, मी विचारलं.

"तशीच हाय," ती म्हणाली. "लोनी हाय नुसतं."

मी चहा प्यायलो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "साखर बरोबर झाली." आणि घरी आलो. शटर लावून स्वतःला चार शिव्या दिल्या, मोठ्यानं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला प्रेमसिंगनं काठीनं स्लॅबची कड टोचली, ती दबली नाही, आणि तो ओरडला म्हणे. एवढा मोठा आवाज त्याच्यात उरलाय हे कोणाला माहीत नव्हतं. गोमतीबाईनं शिडीवर चढून बारदाना जरा उचलला आणि खिळा टेकवला. खिळा शिरला नाही. तिनं दाबला, तरी शिरला नाही. तिनं खिळ्यानं टकटक केलं आणि मान तिरपी करून ऐकलं. सोजरबाई खालून ओरडली, "काय म्हन्ते?" गोमतीबाई वरूनच रडायला लागली, आणि ते हसण्याचं रडणं आहे हे कळायला खाली सगळ्यांना थोडा वेळ लागला.

आमचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. वरून कडक झालं, आतलं काय? महिना झाल्यावर मॅडम स्वतः आली. तिच्याकडे पिचकारीसारखं ठोकून बघायचं यंत्र होतं. तिनं वीस ठिकाणी ठोकलं आणि आकडे वहीत उतरवले. शाळेच्या स्लॅबपेक्षा हा सरस आहे, ती म्हणाली, पाणी कमी पडल्यामुळे. उद्या बल्ल्या काढा. एवढं सांगून ती वाशीमला गेली.

ती सांगून गेली, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. मॅडमचं यंत्र खरं, पण तीन दिवस लोण्यासारखा राहिलेला स्लॅब प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिला होता. फय्याजनं कडेच्या बल्ल्या एकेक करून काढल्या, साच्याच्या पाट्या उतरवल्या. मधली शेवटची बल्ली उरली. त्यानं हातोडा घेतला आणि म्हणाला, "चला, समदे भायेर."

सगळे बाहेर गेले. गोमतीबाई गेली नाही. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"बाई, भायेर जाय."

"मी नाही जात. माह्यं पानी हाय वरतं."

"डोक्शावर येईन तं?"

"येऊ दे."

फय्याजनं कपाळावर हात मारला. तेवढ्यात दारातून सोजरबाई आत आली आणि गोमतीबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "मी टाकली होती वं," ती खाली बघत म्हणाली. "दोन झाकनं. म्हटलं, तुह्या जन्माचं घर हाय, पक्कं व्हावं. कोनाले सांगतलं नाही."

मग बादल आला. "मीबी." मग गजावर काम करणारे दोघं भाऊ आले. मग घमेल्यावरच्या बायका, एकीमागून एक. कोणी एक झाकण म्हणालं, कोणी तीन. प्रत्येकाला वाटलं होतं, आपणच एकट्यानं चोरून जास्त टाकली. प्रेमसिंग काठी टेकत उंबरठा ओलांडून आला तेव्हा गोमतीबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. "तूबी?"

"सोजरच्या हातात देल्लं होतं मी," तो म्हणाला. "माह्या वाट्याचं झाकन."

फय्याजनं हातोडा या हातातून त्या हातात घेतला. "पह्यल्या घान्याले मी टाकलं," तो शेवटी म्हणाला. "एक झाकन. बस एकच."

बाहेर आता मीच उरलो होतो. उन्हात, हात मागे बांधून. आत जायची भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. वर स्लॅब, खाली एक बल्ली. पण आत उभी असलेली अकरा माणसं माझ्या एका वाक्यापायी तिथं उभी होती. मी चप्पल काढली आणि आत गेलो.

"तुमी कायले आले शेठ?" गोमतीबाई म्हणाली. "तुमी तं हात नाही लावला."

"मी बादलले म्हटलं होतं," मी म्हणालो. "जास्त टाकशीन तं जास्त मजबूत होईन. मले काही माहीत नवतं, तरी म्हटलं. त्यानं समद्यायले सांगतलं असन."

"मले माहीत हाय. माहा अंगठा रुतला त्याच सकाळी बादलनं सांगतलं."

"मंग बोलली काहून नाही? एवढे लोक होते समोर."

"तुमचं तोंड पायलं मी, डबे घेऊन उभे होते तवा," ती म्हणाली. "बोलाचं काय राह्यलं होतं?" तिनं माझी बाही धरून मला बल्लीपासून दोन पावलं मागं ओढलं. "सरका इकडं. पायावर पडन."

फय्याजनं बिस्मिल्ला म्हटलं आणि हातोडा घातला. बल्ली सुटून धाडकन जमिनीवर आपटली. धूळ उडाली. कोणी वर बघेना, सगळे एकमेकांच्या पायांकडे बघत होते. मग गोमतीबाईनं मान तिरपी केली. बराच वेळ ऐकलं. वर काही वाजत नव्हतं.

"पानी बराबर पडलं होतं," ती म्हणाली.